खडक आणि होडी : दक्षिण कोकणच्या सागरी इतिहासातील एक उपेक्षित सीमा

मराठ्यांच्या सागरी इतिहासाचे लेखन प्रायः दुर्ग, आरमार आणि तह यांच्या अंगाने झालेले आहे. गुराब आणि गलबत यांचा विचार त्यात विस्ताराने येतो. परंतु दोनतीन माणसांना घेऊन पहाटे किनारा सोडणारी आणि पाण्याखालच्या खडकावर गळ टाकून दुपारी परतणारी होडी त्यात क्वचितच आढळते. ही उणीव केवळ तपशिलाची नव्हे. मोठ्या जहाजास जेथे थांबावे लागे तेथूनच होडीचे क्षेत्र सुरू होई आणि ही सीमा कोणत्याही राजाने नव्हे, तर खडकाने आखलेली होती. ही सीमा ध्यानात घेतल्यावाचून किनाऱ्याचा इतिहास आणि त्यावरील आजचा वाद या दोहोंचाही उलगडा होत नाही.

प्रथम होडीचा विचार करू. विदर्भातील नद्यांवर भोई आणि ढीवर जो डोंगा वापरीत आले, तो झाडाचा बुंधा कोरून केलेला असे. कोकणातील लहान होडीचा मूळ सांगाडाही त्याच जातीचा होय. डोहाच्या संथ पाण्यात असा अरुंद डोंगा चालतो. समुद्राच्या लाटेवर तो कलंडतो. यावरील उपाय म्हणजे उलांडी. होडीच्या एका बाजूस दोन आडव्या दांड्यांनी जोडलेले हे तरते लाकूड होडीचा तोल राखते. जेम्स हॉर्नेल यांनी भारतीय नौकांच्या घडणीवरील आपल्या 1920 सालच्या प्रबंधात या रचनेची दखल घेतली आणि तिचा संबंध आग्नेय आशिया व पॅसिफिक बेटांतील नौकांशी जोडला. 'उलांडी' या शब्दाचे 'उलंडणे' या क्रियापदाशी असलेले ध्वनिसाम्य लक्षणीय आहे. तथापि केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. निर्विवाद आहे ते एवढेच की, उलांडीमुळे नदीच्या डोंग्याची जात समुद्रावर जाण्यास समर्थ झाली.

या होडीचा दिनक्रम वाऱ्याने ठरविलेला असे. रात्रीच्या उत्तरार्धात जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. पहिल्याने बाहेर पडावे व दुसऱ्याने परतावे, हा शिडाच्या होडीचा नियम होता. म्हणजे तिची मजल एका दिवसाच्या वाऱ्याएवढी होती. नारळी पौर्णिमेपासून पुढील पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हंगाम चाले, आणि त्यातही उधाण व भांग यांच्या हिशेबाने दिवस निवडले जात. खडक डोळ्यांना दिसत नसे. किनाऱ्यावरील देऊळ, झाड वा डोंगराचे टोक एकाच्या मागे दुसरे असे एका रेषेत आणावयाचे, दुसऱ्या दिशेस तशीच आणखी एक जोडी साधावयाची, आणि या दोन रेषा जेथे छेदतील तेथे दोरी सोडून खोली पाहावयाची, अशी ही रीत होती. खोली वावांत मोजली जाई. 'वाव' हा शब्द संस्कृत 'व्याम' याचा वंशज होय. पसरलेल्या दोन हातांतील अंतर हा त्याचा अर्थ. इंग्रजीतील 'फॅदम' या शब्दाच्या मुळाशीही पसरलेल्या बाहूंचीच कल्पना आहे. दोन दूरच्या भाषांनी समुद्राची खोली एकाच देहाने मोजली, असे म्हणणे प्राप्त आहे.

खडकावर मिळणारी मासळीही निराळी. तांबोशी, गोब्रा, शेवंड हे जीव खडकाच्या कपारी सोडून फार दूर जात नाहीत. येथे ओढावयाचे जाळे निरुपयोगी ठरते, कारण ते अडकून फाटते; गळ मात्र चालतो. 'गरी' म्हणजे गळ आणि 'गरवणे' म्हणजे त्याने मासे धरणे, हे शब्द दक्षिण कोकणच्या बोलीत रूढ आहेत. याचा अर्थ असा की, खडक हा माशांचा जितका आश्रय, तितकाच लहान होडीचाही होता. मोठ्या साधनास तो प्रवेश नाकारीत होता.

हाच गुण युद्धशास्त्रासही उपयोगी पडला. 25 नोव्हेंबर 1664 रोजी मालवणच्या किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्याशी पूजन होऊन कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या उभारणीस प्रारंभ झाला. बेटाभोवतीचे पाण्याखालील खडक शत्रूच्या जहाजांस धोक्याचे आणि वाट जाणणाऱ्या लहान नौकांस सुलभ होते. ही जागा स्थानिक कोळ्यांच्या माहितीने निवडली गेली, असे परंपरा सांगते. परंपरेचा तपशील बाजूस ठेवला, तरी त्या खडकांतील वाटांचे ज्ञान रोज त्यांवर वावरणाऱ्या मच्छीमारांपाशीच असणे स्वाभाविक होते. दुर्गाच्या इतिहासाखाली होडीचा इतिहास असा दडलेला आहे.

या सीमेचे दुसरे टोक विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. तेथे समुद्रात बुडालेले विस्तीर्ण प्रवाळयुक्त पठार असून त्याचा माथा पृष्ठभागापासून सुमारे 20 मीटरवर येतो. कान्होजी आंग्रे यांचे निधन 1729 साली झाले. त्यांच्या घराण्याचे नाव इंग्रजांनी 'आंग्रिया' असे लिहिले, आणि नकाशावरील हेच नाव आज मराठीतही 'आंग्रिया बँक' म्हणून वावरते. मराठी आडनाव परक्या लिपीतून फिरून परके होऊन परतले. एका दिवसाच्या वाऱ्यावर चालणाऱ्या होडीच्या मजलेत हे पठार नव्हते. ते नकाशाचे व मोठ्या जहाजांचे क्षेत्र होते. किनाऱ्याजवळच्या खडकांची ओळख मात्र पिढ्यान्‌पिढ्या मच्छीमारांच्या तोंडी राहिली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जुनी सीमा ढळली. यांत्रिक नौका आल्या आणि वाऱ्याचे बंधन संपले. महाराष्ट्राच्या 1981 च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ट्रॉलिंगवर निर्बंध आणण्याची वाट मोकळी केली. त्याखालील मर्यादा पाच ते दहा फॅदम, म्हणजे वाव, अशा खोलीत सांगितलेल्या आढळतात. जी सीमा पूर्वी खडक राखीत असे, ती आता कायद्यास राखावी लागली. राज्याचा हा अधिनियम 12 सागरी मैलांपर्यंतच पोहोचतो. आंग्रिया पठार त्याच्या बाहेर, केंद्राच्या अधिकारात पडते. 1987 साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर असून प्रवाळ व खडक यांचे रक्षण हा त्याचा हेतू होय. परंतु ज्यांच्या साधनांनी हे खडक शतकानुशतके शाबूत राहिले, त्या मच्छीमारांनाच आपल्या हक्काची भीती वाटली आणि त्यांनी विरोध केला. रक्षणाचा हेतू योग्य असूनही, रक्षक कोण याचे उत्तर इतिहासात न शोधल्यामुळे हा संघर्ष उद्‌भवला, असे म्हणावेसे वाटते.

आज उपग्रहाधारित यंत्र खडकाचे स्थान आकड्यांत सांगते. देऊळ आणि डोंगर एका रेषेत आणण्याची गरज उरलेली नाही. यात श्रम वाचतात, धोका कमी होतो. त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. परंतु जे ज्ञान पूर्वी शिकवावे लागे, ते आता विकत घेता येते, आणि ज्याच्यापाशी मोठे साधन त्याला प्रत्येक खडक खुला होतो. 'उलांडी', 'गरवणे', 'वाव' हे शब्द कोशात राहतीलच. मात्र शब्दकोशातील नोंद आणि वापरातील शब्द यांत अंतर असते. मालवणच्या खडकांवर लहान होडीस जागा राहिली, तरच या शब्दांमागील व्यवहार टिकेल, आणि किनाऱ्याच्या इतिहासाचे एक जिवंत साधनही अभ्यासकांच्या हाती राहील.