आणीबाणीतील राजसत्ता आणि सार्वजनिक जीवन : कराड साहित्य संमेलनाच्या संदर्भात

प्रस्तावना

२५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ हा काळ स्वतंत्र भारतातील लोकशाहीच्या कसोटीचा काळ मानला जातो. या काळात राज्यघटना रद्द झाली नव्हती. किंबहुना सत्तेचे केंद्रीकरण घटनेतील तरतुदींच्या आधारेच घडून आले. म्हणूनच शासनसंस्था कशी वागली याइतकाच, सार्वजनिक जीवन कोठे टिकून राहिले हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

सत्तेचे केंद्रीकरण

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरविली. त्यानंतर तेरा दिवसांनी, अनुच्छेद ३५२ अन्वये, अंतर्गत अशांततेच्या कारणास्तव आणीबाणी पुकारण्यात आली. मंत्रिमंडळाची संमती दुसऱ्या दिवशी सकाळी घेण्यात आली. विरोधी नेते स्थानबद्ध झाले व वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व तपासणी लादली गेली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. भिन्न मत नोंदविणारे न्या. हं. रा. खन्ना यांची ज्येष्ठता जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी डावलण्यात आली.

कराडचे व्यासपीठ

संसद व न्यायसंस्था अशा रीतीने निष्प्रभ होत असताना महाराष्ट्रात विरोधाचा स्वर उमटला तो एका साहित्यिक व्यासपीठावरून. डिसेंबर १९७५ मध्ये कराड येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत होत्या, तर स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्रिमंडळातील ज्येष्ठ नेते यशवंतराव चव्हाण. स्थानबद्धतेतून नुकतीच सुटका झालेले जयप्रकाश नारायण तेव्हा मूत्रपिंडाच्या विकाराने गंभीर आजारी होते. त्यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन दुर्गाबाईंनी संमेलनात केले. वरकरणी ती एका रुग्णाविषयीची सदिच्छा होती. परंतु ज्याच्याविषयी उघडपणे बोलणे धोक्याचे झाले होते, त्याचे नाव केंद्रीय मंत्री यजमान असलेल्या सभेत आदराने उच्चारले गेले. पुढे १९७६ मध्ये मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात दुर्गाबाईंना अटक झाली. त्याच वर्षी मिनू मसानी यांच्या नियतकालिकासंबंधीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने तपासणी अधिकाऱ्याचे बंदीहुकूम रद्द ठरविले.

जनमताचा कौल

मार्च १९७७ च्या निवडणुकीत उत्तर प्रदेश व बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. महाराष्ट्रात मात्र ४८ पैकी २० जागा तिने राखल्या. यावरून आणीबाणीविषयीची प्रतिक्रिया देशभर एकसारखी नव्हती, हे स्पष्ट होते. महाराष्ट्रातील प्रतिकार सार्वत्रिक होता असे म्हणणे त्यामुळे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. मूठभर व्यक्तींनी पत्करलेल्या धोक्याचे मोल यामुळे कमी होत नाही, उलट वाढते.

समारोप

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' या शब्दांऐवजी 'सशस्त्र बंड' हे शब्द आले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय अनिवार्य झाला आणि अनुच्छेद २० व २१ मधील हक्कांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद झाली. परंतु १९७५ मध्येही कायदे होतेच. उणीव होती ती त्यांचा अर्थ नागरिकांच्या बाजूने लावण्याच्या धैर्याची. संमेलनाचा मांडव, ग्रंथालय व लहानसे नियतकालिक ही सत्तेची केंद्रे नव्हती. तथापि संकटकाळात लोकशाहीची भाषा जिवंत राहिली ती अशाच ठिकाणी, हे या घटनांवरून दिसून येते.