क्रमांक साठची पट्टी

संगणकाला जोडण्याचा छोटा कीबोर्ड आता पुष्कळ घरांत दिसतो. दोन-अडीच सप्तकांच्या पट्ट्या, एखादे-दुसरे चाक आणि एक तार. पेटी शिकलेला विद्यार्थी तो हौसेने आणतो, पट्टी दाबतो, आणि काहीच वाजत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो. या वाद्याला मुळात आवाजच नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढाच निरोप ते तारेवरून पाठवते. आवाज काढायचे काम पलीकडच्या यंत्राचे किंवा संगणकातल्या प्रणालीचे.

हा निरोप ज्या बोलीत जातो तिचे नाव मिडी. म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस या लांबलचक नावातली ही आद्याक्षरे. ही बोली १९८३ साली ठरली आणि आजही चालू आहे. संगणकाच्या जगात चाळीस वर्षे म्हणजे कित्येक पिढ्या. त्या काळच्या फ्लॉपी गेल्या, छपाईयंत्रांची जोडण्याची साधने गेली, संगणकांचे किती प्रकार आले आणि विरले. मिडी मात्र टिकली. ती का टिकली आणि टिकण्यासाठी तिने काय सोडून दिले, हे पाहण्यासारखे आहे.

संगीत साठवण्याच्या दोन रीती आहेत. एक, हवेत उमटलेला आवाज पकडून ठेवायचा. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ करून ही वाट उघडली. दुसरी रीत, आवाज सोडून द्यायचा आणि वाजवणाऱ्याची कृती तेवढी नोंदवायची. ही रीत कितीतरी जुनी आहे. चावी दिल्यावर वाजणाऱ्या संगीतपेटीतल्या फिरत्या नळकांड्यावर बारीक खुंट्या असतात, ती कृतीचीच नोंद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आणि युरोपात आपोआप वाजणारे पियानो घरोघरी गेले. त्यांत छिद्रे पाडलेल्या कागदाची गुंडाळी असे. छिद्र आले की हवा आत शिरे आणि त्या जागेची पट्टी दाबली जाई.

पण एका कारखान्याची गुंडाळी दुसऱ्याच्या पियानोवर चालेना. कोणी ६५ पट्ट्यांसाठी छिद्रे पाडी, कोणी ८८ साठी, आणि दोन छिद्रांमधले अंतरही प्रत्येकाचे वेगळे. शेवटी डिसेंबर १९०८ मध्ये अमेरिकेतले कारखानदार बफेलो शहरात जमले आणि ८८ पट्ट्यांसाठी इंचाला नऊ छिद्रे हे माप त्यांनी मान्य केले. बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण छिद्रांच्या मापापुरते एकमत. मिडीची गोष्ट याच वळणाने गेली.

व्होल्टची भाषा

१९६४ च्या सुमारास रॉबर्ट मूग यांनी अमेरिकेत जे सिंथेसायझर बनवले त्यांत स्वराची उंची विजेच्या दाबाने ठरे. एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर. सप्तकात बारा स्वर, म्हणून शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये सुमारे ८३ मिलिव्होल्टचा फरक. ही योजना देखणी होती, पण सर्वांनी ती घेतली नाही. जपानच्या कोर्ग आणि यामाहा यांच्या काही वाद्यांत दाब दुप्पट केला की स्वर एक सप्तक चढे. म्हणजे एकाचे गणित बेरजेचे, दुसऱ्याचे गुणाकाराचे. दोन्ही वाद्ये तारेने जोडली तर बेसूर होण्यापलीकडे काही साधत नसे.

शिवाय प्रत्येक स्वराला स्वतंत्र तारा लागत. एका वेळी एकच स्वर वाजे तोवर हे चालून गेले. १९७८ मध्ये डेव्ह स्मिथ यांच्या सीक्वेन्शियल सर्किट्स या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीने प्रॉफेट-५ हे वाद्य काढले. त्यात एकाच वेळी पाच स्वर वाजत, आणि कोणती पट्टी कोणाच्या वाट्याला द्यायची हे मायक्रोप्रोसेसर ठरवी. पट्टी दाबल्याचे त्या प्रोसेसरला आकड्यातच कळत होते. मग तोच आकडा दुसऱ्या वाद्याला का कळवू नये? निरनिराळ्या कंपन्यांनी हे केलेही, पण प्रत्येकीने आपापल्या पद्धतीने. पियानोच्या गुंडाळ्यांसारखीच स्थिती झाली.

इथे दुसरे नाव येते ते इकुतारो काकेहाशी यांचे. ओसाकात घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करण्यापासून सुरुवात करून त्यांनी १९७२ मध्ये रोलँड कंपनी उभी केली. जून १९८१ मध्ये शिकागोच्या वाद्यप्रदर्शनात त्यांनी टॉम ओबरहाइम या अमेरिकन उत्पादकाकडे विषय काढला: सगळ्यांची मिळून एक भाषा असावी. ओबरहाइम यांनी तो स्मिथ यांच्या कानावर घातला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्मिथ आणि त्यांचे सहकारी चेट वुड यांनी न्यूयॉर्कला ध्वनिअभियंत्यांच्या सभेत अशा सामाईक भाषेचा आराखडा मांडला.

पुढच्या वर्षभरात अमेरिकन कंपन्यांचे एकमत होईना. वेग कमी पडेल, म्हणून एका तारेवरून एकामागून एक आकडे पाठवण्याऐवजी अनेक तारांवरून एकदम पाठवावेत, असे काहींचे म्हणणे. तांत्रिकदृष्ट्या ते चूक नव्हते, पण महाग होते. अखेरीस स्मिथ आणि जपानच्या चार कंपन्या, म्हणजे रोलँड, यामाहा, कोर्ग आणि कावाई, यांनीच काम तडीस नेले. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या प्रदर्शनात स्मिथ यांचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ ही वाद्ये तारेने जोडली गेली. एकाची पट्टी दाबली की दुसरे वाजू लागले. ऑगस्ट १९८३ मध्ये नियमावली प्रसिद्ध झाली. ती वापरायला कोणाची परवानगी लागत नव्हती आणि कोणाला पैसे द्यावे लागत नव्हते. आमच्या मते मिडीच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण हे आहे. तंत्राचा क्रमांक त्यानंतरचा.

तीन आकड्यांचा निरोप

आता त्या तारेत डोकावून पाहू. पेटीवरची मधली पांढरी एक दाबली असे समजा. तारेवरून तीन आकडे जातात: १४४, ६०, १००. पहिला सांगतो, ‘पट्टी दाबली’. दुसरा, पट्टीचा क्रमांक. तिसरा, पट्टी किती वेगाने खाली गेली. जोराने दाबलेली पट्टी वेगाने खाली जाते, म्हणून वेगावरून जोर कळतो. पट्टी सोडली की तसाच आणखी एक निरोप जातो.

प्रत्येक आकडा आठ बिटांचा. त्यांतला पहिला बिट १ असेल तर तो हुकूम, ० असेल तर त्या हुकमाची माहिती. माहितीसाठी उरतात सात बिट, म्हणजे ० ते १२७ असे १२८ आकडे. मिडीत जिकडेतिकडे १२८ का भेटतो, याचे उत्तर हे. आणि १४४ म्हणजे द्विमान पद्धतीत १००१००००. पहिले चार बिट हुकमाचे, उरलेले चार कोणत्या वाद्यासाठी हे सांगणारे. चार बिटांत १६ पर्याय बसतात, म्हणून एका तारेवर १६ वाद्यांची सोय. नववी-दहावीच्या मुलांना द्विमान पद्धती शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

वेग ठरला सेकंदाला ३१,२५० बिट. हा विचित्र आकडा कुठून आला? त्या काळच्या चिपला लागणाऱ्या दहा लाख हर्ट्झच्या घड्याळाला ३२ ने भागून. ३२ ने भागणे म्हणजे पाचदा निम्मे करणे, आणि ते अगदी स्वस्त मंडलाने साधते. प्रत्येक आकड्याच्या पुढे-मागे एकेक खुणेचा बिट धरला तर एका आकड्याला दहा बिट, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद लागतात. तीन आकड्यांचा निरोप ०.९६ मिलिसेकंदात पोचतो. दहा बोटांनी दहा पट्ट्या एकदम दाबल्या तर शेवटच्या स्वराचा निरोप पुरा व्हायला ९.६ मिलिसेकंद. हा उशीर जाणवेल का? आवाज हवेतून तेवढ्या वेळात सुमारे सव्वातीन मीटर जातो. म्हणजे वाद्य खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्यावर जितका उशीर होईल तितकाच.

काटकसर सर्वत्र होती. पाच पिनांची जी जोडणी निवडली ती घरगुती टेपरेकॉर्डरवर मिळे, आणि तिच्याही तीनच पिना वापरल्या. एका ठिकाणी मात्र हात आखडता घेतला नाही. दोन यंत्रे तारेने जोडली की त्यांच्या विजेच्या पुरवठ्यातून एक घूंऽऽ असा आवाज शिरतो. ध्वनिक्षेपक लावणाऱ्यांना तो चांगला परिचयाचा आहे. तो टाळण्यासाठी तारेतली पाच मिलिअँपिअरची धारा घेणाऱ्या वाद्यातला एक चिमुकला दिवा लावते आणि समोरचा प्रकाशग्राही घटक त्याची उघडझाप वाचतो. दोन वाद्यांमधला पूल विजेचा नसून प्रकाशाचा असतो.

आता घरगुती ध्वनिमुद्रणाकडे वळू. सीडीच्या दर्जाचा आवाज साठवायला सेकंदाला १४,११,२०० बिट लागतात. तीन मिनिटांचे गाणे सव्वातीन कोटी बाइटांच्या आसपास जाते. त्याच गाण्यात तीन हजार स्वर धरले तर मिडीच्या निरोपांना १८,००० बाइट पुरतात. वेळेच्या नोंदी धरून थोडे अधिक. १९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटी या संगणकात मिडीची जोडणी अंगचीच होती आणि स्मृती होती ५१२ किलोबाइट. आवाज साठवायचा म्हटले तर त्यात सीडीच्या दर्जाचे तीन सेकंदही मावले नसते. कृती साठवायची म्हटल्यावर अख्खी वाद्यरचना मावली, आणि महागड्या स्टुडिओचे काम घरच्या टेबलावर आले. चुकलेला स्वर पुन्हा न वाजवता दुरुस्त करता येऊ लागला, चाल न बिघडवता लय वाढवता येऊ लागली. मोबाइलच्या पहिल्या सुरेल घंट्या आठवतात? त्यांपैकी बऱ्याच मिडीच्याच होत्या.

दोन पट्ट्यांमधले

आता काय सोडले ते पाहू. मिडीच्या लेखी स्वर म्हणजे एक क्रमांक. ६० नंतर ६१, मध्ये काही नाही. ही दृष्टी पियानोची आहे आणि सप्तकाचे बारा समान भाग पाडणाऱ्या संगीताची आहे. ती ज्यांची नव्हती, ती माणसे १९८२ च्या बैठकांत नव्हती.

हा वाद आपल्याकडे मिडीच्या कितीतरी आधीचा. पेटीची पट्टी मींड घेऊ शकत नाही आणि तिचे स्वर श्रुतींशी जुळत नाहीत, हा तिच्यावरचा आक्षेप. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी बनवण्याचा खटाटोप केला. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदीच घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडले. एवढे होऊनही मैफलीत पेटी राहिली, कारण ती स्वस्त, टिकाऊ आणि कुठेही नेता येण्याजोगी. मिडीच्या बाबतीतही तेच घडले.

मिडीत मींडेची सोय अगदीच नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कीबोर्डच्या डाव्या बाजूचे चाक स्वर वाकवते, आणि त्यासाठी १२८ नव्हे तर १६,३८४ पायऱ्या दिल्या आहेत. अडचण निराळी आहे. चाक फिरवले की त्या वाद्याचे वाजत असलेले सगळेच स्वर एकदम वाकतात. षड्ज स्थिर ठेवून वरचा स्वर तेवढा हलवायचा तर जमत नाही. प्रत्येक स्वराला सोळांपैकी एकेक वाट स्वतंत्र देऊन मार्ग काढण्याची रीत २०१८ मध्ये नियमावलीत आली, आणि २०२० मध्ये जाहीर झालेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकवण्याची सोय मुळातच दिली आहे. पहिली आवृत्ती ठरल्यापासून सदतीस वर्षांनी.

स्मिथ आणि काकेहाशी यांना २०१३ मध्ये ग्रॅमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. स्मिथ यांची कंपनी त्याआधीच, १९८७ मध्ये, यामाहाकडे गेली होती. २०१५ मध्ये यामाहाने ‘सीक्वेन्शियल’ हे नाव त्यांना परत दिले, आणि त्यामागे प्रतिस्पर्धी म्हणवणाऱ्या काकेहाशींची रदबदली होती. काकेहाशी २०१७ मध्ये वारले, स्मिथ २०२२ मध्ये.

ज्या शाळेत असा कीबोर्ड आणि संगणक आहे तिथे एक प्रयोग करता येईल. पांढरी एक, म्हणजे क्रमांक ६०, हा षड्ज धरा. त्याची वारंवारता २६१.६३ हर्ट्झ. शुद्ध गंधार म्हणजे क्रमांक ६४. कीबोर्डवर तो ३२९.६३ हर्ट्झचा निघतो. तंबोऱ्याच्या षड्जातून आपसूक उमटणारा गंधार मात्र षड्जाच्या पाच चतुर्थांश पटीचा, म्हणजे त्याच सप्तकात आणला तर ३२७.०३ हर्ट्झचा. फरक २.६ हर्ट्झ. चाक मधोमध असताना त्याचा आकडा ८१९२ असतो, आणि शून्यापर्यंत नेले की स्वर सहसा दोन पट्ट्या उतरतो. गंधार तंबोऱ्याशी जुळवायला चाक ७६३१ वर आणावे लागते. हा आकडा कसा आला ते मुलांना काढू द्या, लॉगॅरिथम लागेल. मग संगणकात तो आकडा भरा, तंबोरा लावा, आणि ८१९२ चा व ७६३१ चा गंधार आलटून पालटून ऐकवा. कोणता कोणता आहे हे आधी सांगू नका.