उत्स्फूर्त संभाषण, इंग्रजीतील

आधी लिहून वा पाठ करून न ठेवता, दोन किंवा अधिक व्यक्तींत आयत्या वेळी घडणारे बोलणे. इंग्रजी भाषेच्या अभ्यासात ते ध्वनिमुद्रित करून, अडखळणे, विराम आणि एकमेकांच्या बोलण्यावर बोलणे यांसह जसेच्या तसे उतरवतात. अशा नोंदीला ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात.

पूर्वपीठिका : इंग्रजीची व्याकरणे दीर्घकाळ लिखित भाषेवर बेतलेली होती. रँडॉल्फ क्वर्क यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या ‘सर्व्हे ऑफ इंग्लिश यूसेज’ या प्रकल्पाने लेखनाबरोबर बोलण्याचेही नमुने गोळा केले. अमेरिकेत हार्वी सॅक्स यांनी लॉस एंजेलिसच्या आत्महत्या-प्रतिबंध केंद्राला आलेल्या दूरध्वनींचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून संभाषण-विश्लेषण ही शाखा उभी राहिली. सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफर्सन यांचा बोलण्याच्या पाळ्यांवरील पायाभूत लेख १९७४ चा. नोंदीसाठी आज रूढ असलेल्या चिन्हांपैकी बरीच जेफर्सन यांनी घडवली.

नमुना : पुढील रचलेल्या नोंदीत (.) म्हणजे निमिषभराचा विराम, कंसातला आकडा म्हणजे विरामाचे सेकंद आणि चौकटी कंस म्हणजे दोघे एकाच वेळी बोलू लागल्याची जागा.

क : सो आय वॉज गोइंग टु (.) वेल वी वर अम् (१.०) वी मिस्ड द [बस
ख : [ओ नो

‘सो’ने पाळी सुरू होते. पहिले वाक्य अर्ध्यावर सुटते. ‘वेल’ दुरुस्तीची वर्दी देतो आणि ‘आय’च्या जागी ‘वी’ येतो. ही स्वयंदुरुस्ती. ‘अम्’ हा पूरक ध्वनी ‘थांबा, माझे संपलेले नाही’ असे सुचवून पाळी राखतो. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ मध्ये असे मांडले की, ‘अ’नंतरचा खोळंबा साधारणपणे छोटा आणि ‘अम्’नंतरचा मोठा असतो. ‘ओ नो’ हे पाळी हिसकावणे नव्हे. वाक्य कुठे संपणार हे ओळखून ऐकणाऱ्याने दाखवलेली ती सहानुभूती आहे.

इतर लक्षणे : ‘यू नो’, ‘आय मीन’ यांसारखे सूचक शब्द; ऐकणाऱ्याचे ‘म्हम्’, ‘या’ असे हुंकार; प्रश्न-उत्तर, अभिवादन-प्रत्यभिवादन अशा उक्तींच्या जोड्या; ‘इजंट इट’सारखी प्रश्नपुच्छे; ‘काइंड ऑफ’सारखी मोघम पदे. अध्याहारही सर्रास आढळतो : ‘डू यू वाँट टी’ याऐवजी नुसते ‘वाँट टी’ पुरते, कारण कोणाला विचारले ते समोर दिसतच असते. वाक्ये ‘अँड’, ‘बट’ यांनी एकापुढे एक जोडली जातात.

कारणे : बोलणारा विचार आणि उच्चार एकाच वेळी करतो, लिहिणाऱ्याप्रमाणे त्याला खाडाखोड करता येत नाही, म्हणून दुरुस्ती ऐकू येते. वेळही थोडा असतो. इंग्रजीसह दहा भाषांच्या २००९ मधील तौलनिक अभ्यासात हो-नाही स्वरूपाचा प्रश्न आणि त्याचे उत्तर यांतील अंतर सरासरी सुमारे ०.२ सेकंद आढळले. समोरच्याचे वाक्य संपण्यापूर्वीच उत्तराची जुळवाजुळव सुरू झाल्याशिवाय हे शक्य नाही. म्हणून या लक्षणांना सरसकट चुका वा गबाळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. सहकार्याने बोलण्याची ती साधने आहेत.

ओळखताना घ्यावयाची काळजी : एकट्या लक्षणावरून निष्कर्ष काढू नये. नाटककारही पात्राच्या तोंडी ‘अम्’ घालतो. मात्र लिहिलेल्या संवादात पाळ्या सहसा नीटनेटक्या असतात आणि हुंकार विरळ. अनेक लक्षणे एकत्र आढळली तर उत्स्फूर्ततेचा अंदाज भक्कम होतो. बोलणाऱ्यांचे नाते, प्रसंग आणि माध्यमही पाहावे : दूरध्वनीवर मान डोलावलेली दिसत नाही, त्यामुळे हुंकार आवाजातूनच द्यावा लागतो. इंग्लंडमधील ए-लेव्हलच्या इंग्रजी भाषा अभ्यासक्रमात विद्यार्थी अशा नोंदींचे विश्लेषण करतात. तिथे लक्षणांची नुसती यादी अपुरी ठरते. ‘येथे विराम आहे’ यापुढे जाऊन तो विराम त्या जागी काय साधतो, हे सांगावे लागते.