मतदारयादीतील नाव : स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास

स्मरणिकेसाठी एखाद्या ऐतिहासिक विषयावर चार शब्द लिहावेत, अशी सूचना चिटणीसांनी केली, तेव्हा ज्ञातीच्या मूळ स्थानाचा किंवा कुलदैवतांचा इतिहास त्यांच्या मनात असावा. तो पूर्वीच्या अंकांतून पुष्कळदा येऊन गेला आहे. आम्ही यंदा स्त्रियांच्या मताधिकाराचा विषय घेतला, कारण आमची उभी हयात शाळामास्तरकीत गेली आणि शाळामास्तरास अध्यापनाच्या खालोखाल जर कोणते काम करावे लागत असेल, तर ते मतदारयाद्यांचे!

डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासेस आले असता सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ त्यांना भेटले. नव्या सुधारणांत पुरुषांस ज्या अटींवर मत मिळेल, त्याच अटींवर ते स्त्रियांसही मिळावे, एवढेच त्यांचे मागणे होते. पुढे मताधिकाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या लॉर्ड साउथबरो यांच्या समितीने मात्र, देशाची सामाजिक स्थिती पाहता हे पाऊल अकाली ठरेल, असा अभिप्राय दिला. स्त्रिया पडद्यात असताना हा हक्क नाममात्रच राहील, असे तिचे म्हणणे. आमच्याकडील शेतकरीण कोणत्या पडद्यात बसून भांगलण करीत होती, हे कोणी त्या साहेबांस विचारावयास हवे होते.

पण स्वस्थ न बसणाऱ्या दोघी मुंबईतच होत्या. हिराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन या दोघींनी १९१९ साली विलायतेस जाऊन पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे बाजू मांडली आणि तेथील गावोगावच्या सभांतून भाषणे केली. मिठनबाईंचे वय त्या वेळी अवघे २१. त्याच पुढे बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पार्लमेंटने हा प्रश्न स्वतः न सोडविता प्रांतिक कायदेमंडळांवर सोपविला. १९२१ साली प्रथम मद्रासने व पाठोपाठ मुंबईने स्त्रियांस मत दिले. मुंबई इलाख्यातील या चळवळीस रमाबाई रानडे यांचेही वडीलकीचे साहाय्य होते.

मात्र ते मत मालमत्तेस होते, आणि स्वतःच्या नावे मालमत्ता असलेल्या स्त्रिया त्या काळी कितीशा असणार? १९३५ च्या कायद्याने वाट थोडी रुंद केली ती अशी, की पतीच्या मालमत्तेवरून पत्नीसही मत मिळावे. स्त्रियांच्या प्रमुख अखिल भारतीय संस्थांनी १९३१ मध्येच या पद्धतीस विरोध नोंदवून सरसकट प्रौढ मताधिकार मागितला होता. कोणाची तरी पत्नी म्हणून मिळणारे मत त्यांना नको होते. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत स्वाभिमानाची गोष्ट हीच होय.

हा प्रौढ मताधिकार अखेर राज्यघटनेने दिला. परंतु १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होताना, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, असंख्य स्त्रियांनी परक्या पुरुषास स्वतःचे नाव सांगण्याचे नाकारले. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशाच नोंदी झाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरविले, आणि सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. हे कठोर खरेच. पण त्या २८ लाखांच्या गाळणीनेच पुढच्या याद्यांत नावे आली.

आमच्याकडे अडचण निराळी. यादीच्या कामास दारोदार हिंडताना एका वाड्यात एक वृद्ध बाई भेटल्या. यजमानांचे नाव घेणार कसे? त्यांनी नातवास हाक मारून ते त्याच्याकडून वदविले. मग आम्ही त्यांचे स्वतःचे नाव विचारले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, कोणतं सांगू? माहेरचं का सासरचं?" आम्ही लेखणी हातात धरून तसेच उभे राहिलो. माहेरचे नाव त्यांना कोणी पन्नास वर्षांत विचारले नव्हते.

हे सर्व सांगण्याचे निमित्त असे, की याच स्मरणिकेच्या शेवटी सभासदांची यादी छापलेली आहे. तीत कुटुंबप्रमुखाचे नाव, गाव आणि 'घरातील माणसे' असा आकडा एवढेच आहे; आणि कार्यकारिणीच्या निवडणुकीत दर कुटुंबामागे मत एक. आमच्या नोंदीपुढे ५ चा आकडा आहे. त्यांतील तीन स्त्रिया असून एक पदवीधर आहे. सबब, प्रत्येक सज्ञान व्यक्तीची स्वतःच्या नावाने नोंद व्हावी आणि तिला स्वतंत्र मत असावे, अशी लेखी सूचना आम्ही येत्या वार्षिक सभेसाठी पाठविली आहे. अनुमोदक म्हणून आमच्या कुटुंबाची सही आहे. ती कोणत्या नावाने करावी यावर घरी बराच खल झाला. मत नसलेल्या व्यक्तीचे अनुमोदन चालते किंवा नाही, हे चिटणीसांनी अद्याप कळविलेले नाही.