पणजीचे नाव

वंशावळ म्हणून आपल्या घरांतून जे कागद जपले जातात, त्यांत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. आमच्या घरीही असा एक कागद आहे. पणजोबांच्या नावाखाली एक रेघ, रेघेच्या टोकाला आजोबा. मधे पणजी नाही. तिचे नाव शोधावे, एवढ्याच हेतूने आम्ही जुन्या दप्तराकडे वळलो.

जन्ममृत्यूच्या नोंदणीचा आजचा कायदा 1969 चा. परंतु गावोगावच्या नोंदी त्याहून पुष्कळ जुन्या. दप्तरी भाषेत त्या वहीला गाव नमुना 14 म्हणत. लोकांच्या तोंडी ती 'कोतवाल बुक'. 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा या मोडीतल्या वह्यांचे नाव सर्वांच्या कानी पडले. एरवी त्या तहसीलच्या अभिलेख कक्षात रुमालांत बांधलेल्या असतात. नकलेसाठी अर्ज करावा लागतो. अर्ज सोपा आहे. अडचण एवढीच की तो वर्ष विचारतो, आणि वर्षच तर आपल्याला शोधायचे असते.

इथे उपयोगी पडली ती आत्याची आठवण. तिच्या आजीचा पक्ष अविधवा नवमीला होत असे आणि वर्षश्राद्ध आश्विनात. म्हणजे पणजी गेली तेव्हा पणजोबा हयात होते. जमिनीच्या फेरफारात त्यांच्या वारसांची नोंद 1926 ची आहे. आजोबांचा जन्म शाळेच्या दाखल्याप्रमाणे 1916 चा. दहा वर्षांचा पल्ला उरला. 'त्या आठवड्यात घरातली तीन माणसे गेली' असेही आत्याने ऐकले होते. आश्विन महिना आणि एका आठवड्यात तीन मृत्यू, तेव्हा प्रथम पाहायचे ते 1918 चे ऑक्टोबर. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली.

वही उघडली. इतर महिने अर्ध्यामुर्ध्या पानावर आटोपलेले. त्या ऑक्टोबराला पाने पुरलेली नव्हती. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच शब्द: ताप. लिहिणाऱ्यापाशी त्या रोगाला दुसरा शब्द नव्हता. मोडी वाचणाऱ्या स्नेह्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. एक नाव, पुढे 'कोम', आणि त्यापुढे पणजोबांचे नाव. वय 20.

'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. जुन्या दप्तरात माणसाची ओळख या दोन शब्दांनी ठरे. पुरुषाला जन्मभर एकच 'बिन' पुरे. बाईचा बाप मात्र लग्नानंतर कागदावरून नाहीसा होई. पणजीचे सासरचे नाव आम्हांला मिळाले. माहेरचे शोधावे तर लग्नाची नोंद हवी, आणि हिंदू विवाहांच्या नोंदणीचा मुंबई राज्याचा कायदाच मुळी 1953 चा. तिच्या माहेरगावच्या वहीत, अदमासे 1898 साली, बापाच्या नावापुढे 'मुलगी' एवढीच नोंद असण्याचा संभव अधिक. नोंद होई तेव्हा पुष्कळदा बारसेच झालेले नसे. तो बापही कोण, हे आम्हांला ठाऊक नाही. शोध इथे थांबला.

यातून एक साधी गोष्ट ध्यानी आली. 1969 च्या कायद्यातही बाळाचे नाव न लिहिता जन्म नोंदता येतो. नाव मागाहून भरण्याची सोय कलम 14 मध्ये आहे. ते भरायचे पुष्कळांकडून राहून जाते. आमच्या घरातल्या एका लेकीच्या दाखल्यावरही तो रकाना रिकामाच होता. पणजीची नक्कल हाती घेऊन परतलो, त्याच आठवड्यात आम्ही तो भरून घेतला. वंशावळीच्या कागदावर पणजीचे नावही आता लिहिले आहे. तिच्या वरची जागा कोरी ठेवली आहे.