हिंदू जिमखान्याचा क्रिकेट संघ व कर्णधारपदाचा वाद

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत वसतिगृह, शिष्यवृत्त्या आणि गुणवंत विद्यार्थी यांचे वृत्त यावे हे उचितच होय. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील तरुणांना ज्ञातीच्या नावाखाली एकत्र आणणारी आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे क्रिकेटचा हौशी संघ. पारशांनी १८४८ साली ओरिएंटल क्लब काढून या कार्यास आरंभ केला. हिंदूंचा पहिला क्लब, बॉम्बे युनियन, १८६६ साली निघाला. पुढे गौड सारस्वत, क्षत्रिय, मराठा, गुजराती, तेलुगू अशा निरनिराळ्या समाजांच्या नावांनी क्लब उभे राहिले.

संघ काढणे सोपे, परंतु चालविणे कठीण, हा अनुभव त्या काळीही होता. पहिली अडचण जागेची. मुंबईच्या मैदानावर गोऱ्या साहेबांचे पोलोचे घोडे दौडत आणि त्यांच्या टापांनी क्रिकेटची जमीन उखडली जाई. एतद्देशीय खेळाडूंनी १८८१ साली सरकारकडे अर्ज केला. नंतरही अर्ज, उलटअर्ज यांत काही वर्षे गेली. अखेर समुद्रकाठच्या भरावाच्या जमिनीवर जिमखान्यांसाठी जागा मिळाल्या. परमानंददास जीवनदास यांच्या नावाचा हिंदू जिमखाना १८९४ साली स्थापन झाला, तो याच ओळीत. जागा आणि देणगी मिळाली म्हणजे निम्मे काम झाले असे व्यवस्थापकांस वाटते. उरलेले निम्मे काम संघनिवडीचे, आणि खरी परीक्षा तेथेच होते.

ती परीक्षा पाहणारा खेळाडू पुण्याहून आला. पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजात जन्मले. पुण्यात पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडणे व रोळ फिरविणे हे त्यांचे काम होते. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात ते चाकरीस लागले, तेव्हा वेतन महिना चार रुपये. जे. जी. ग्रेग हा नाणावलेला फलंदाज सरावासाठी त्यांच्याकडून चेंडू टाकून घेई. या सरावात बाळूंची डावखुरी मंद गोलंदाजी अशी तयार झाली की पुण्याच्या हिंदू संघास त्यांच्यावाचून गोऱ्यांना हरविणे दुरापास्त दिसू लागले. घ्यावे तर शिवाशिवीचा प्रश्न, न घ्यावे तर पराभव निश्चित. चालकांनी काढलेली तोड मोठी चमत्कारिक होती. बाळूंनी टाकलेला चेंडू सर्वांनी हाताळावयाचा. परंतु चहाची वेळ झाली की इतरांना मंडपात चिनी मातीच्या पेल्यांत चहा आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताटही निराळे. एकाच चेंडूस सोवळे-ओवळे लागत नाही आणि पेल्यास लागते, याची उपपत्ती लावण्याचा प्रयत्न तेव्हाच्या शास्त्रीमंडळींनी केला असल्यास तो पाहण्याजोगा असेल.

बाळू मुंबईस येऊन हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले तेव्हा स्थिती पालटली. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. त्या वेळी ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने या विजयाइतकेच महत्त्व दुसऱ्या एका गोष्टीस दिले: पुण्यात ज्यास मंडपाबाहेर बसविले, त्याच्यासह मुंबईचे खेळाडू आता एका पंक्तीस जेवत होते. सहभोजनाविषयी सभांतून व्याख्याने चालू असताना जिमखान्याच्या भोजनगृहात हे घडले, याचे श्रेय तेथील चालकांना दिलेच पाहिजे.

परंतु पंक्तीत बसविणे निराळे आणि पुढारीपण देणे निराळे. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. एवढी कामगिरी असूनही चौरंगी सामन्यांसाठी हिंदू संघाचा कर्णधार निवडण्याची वेळ आली की समितीचे मत दुसऱ्याच नावाकडे वळे. १९१३ साली एम. डी. पै यांची निवड झाली. पै यांनी सत्कारप्रसंगी उघड सांगितले की हा मान ज्येष्ठ व अनुभवी अशा बाळूंना मिळावयास हवा होता. स्वतःला लाभलेल्या मानाविषयी असे बोलणारा खेळाडू विरळाच.

१९२० साली वाद चव्हाट्यावर आला. बाळूंचे बंधू शिवराम आणि विठ्ठल हे दोघेही संघाचे आधारस्तंभ होते. आपल्या घराण्यावर होणाऱ्या अन्यायाच्या निषेधार्थ दोघांनी संघातून अंग काढून घेतले. वृत्तपत्रांत चर्चा झाली, प्रेक्षकांत दोन तट पडले. तेव्हा कोठे समितीने तडजोड केली: कर्णधार पै, उपकर्णधार बाळू, आणि दोघे बंधू परत संघात. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरते संघाचे सूत्र बाळूंच्या हाती आले. चव्वेचाळीस वर्षे वयाच्या या गोलंदाजास समितीने एवढेच दिले.

ज्यांनी आपल्या ज्ञातीतील मुलांचा संघ चालविला आहे, त्यांना या प्रकरणातील समितीची भाषा परिचित वाटेल. ‘अमुक घराण्यातला आहे, सर्वांना चालेल’, ‘योग्यता आहे, पण लोक काय म्हणतील’, ही वाक्ये लहानमोठ्या संघनिवडीत आजही कानी पडतात. येथे योग्यतेचा वाद नव्हताच. ती सर्वांस मान्य होती, म्हणूनच नकार अधिक बोचला.

१९२३ साली विठ्ठल यांना कर्णधारपद मिळाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांवर विजय मिळविला. सामना संपताच उच्चवर्णीय म्हणविणाऱ्यांनीच त्यांना खांद्यावर घेतले. पुढे १९३७ साली चौरंगीची पंचरंगी झाली. १९४० साली महात्मा गांधींनी धर्मावर उभारलेल्या संघांविषयी नापसंती दर्शविली. आणि १९४६ नंतर हे सामने बंद पडले. विठ्ठल यांनी आपली हकीकत ‘माझे क्रीडा-जीवन’ या आत्मचरित्रात लिहून ठेविली आहे. बाळू १९५५ च्या जुलैत निवर्तले.