पर्जन्याचा इतिहास आणि तरंगिका-विश्लेषण

सांगली जिल्ह्यातील आष्टा हे गाव कृष्णा व वारणा या नद्यांमधील सुपीक पट्ट्यात वसलेले आहे. त्याच्या शिवारातील पाऊस बेताचाच. नद्यांना पाणी येते ते मुख्यतः सह्याद्रीच्या माथ्यावरून. १८७६-७७ व १९७२ चे दुष्काळ, तसेच २००५, २०१९ व २०२१ चे महापूर हे या प्रदेशाच्या पर्जन्येतिहासातील ठळक टप्पे होत. पर्जन्याच्या चढउतारात काही लय आहे काय, आणि असल्यास ती सर्वकाळ सारखीच राहिली काय, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. धरणात पाणी किती साठवावे व पुरासाठी जागा किती मोकळी ठेवावी, याचे नियम गतकाळाच्या नोंदींवरूनच ठरतात.

लय शोधण्याचे जुने साधन म्हणजे फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ मध्ये उष्णतेवरील ग्रंथात मांडलेली पद्धती. कोणतीही मालिका निरनिराळ्या आवर्तनकाळांच्या तरंगांत विभागता येते, हे तिचे सूत्र. तथापि हे तरंग आदिअंतविरहित असतात. कोणते आवर्तन आहे हे त्यांवरून कळते. ते केव्हा प्रबळ होते, हे कळत नाही.

ही उणीव भूगर्भातील तेलाच्या शोधात प्रकर्षाने जाणवली. झां मोर्ले व अलेक्स ग्रॉसमन यांनी १९८४ मध्ये तिच्यावरील उपाय सुस्पष्ट गणिती स्वरूपात मांडला. अल्पकाळ उठून विरणारा एक छोटा तरंग घ्यावा, तो कधी ताणून, कधी आखडून मालिकेवरून सरकवीत न्यावा, आणि कोठे किती जुळतो ते पाहावे. फ्रेंच संज्ञा लघुत्ववाचक आहे. मराठीतील ‘तरंगिका’ हा शब्दही तोच अर्थ नेमका वाहतो. शेतकऱ्याला पावसाचे केवळ माप पुरत नाही. तो मृगात पडला की हस्तात, हेही त्याला हवे असते. तरंगिका आवर्तन व काळ यांची अशीच एकत्र नोंद ठेवते.

मोसमी पावसाच्या बाबतीत याचे महत्त्व विशेष आहे. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी प्रशांत महासागराकडील वायुभाराच्या आंदोलनाशी या पावसाचा संबंध जोडला. टॉरेन्स व वेबस्टर यांनी १९९९ मध्ये तरंगिकांच्या साहाय्याने दाखविले की, १८७५ ते १९२० व १९६० ते १९९० या काळांत ही आंदोलने प्रबळ होती, तर १९२० ते १९६० या काळात मंद. १९९७ मध्ये तर तीव्र एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. यास्तव मंद कालखंडावरून बांधलेले नियम प्रबळ कालखंडात फसण्याचा संभव असतो.

मात्र या साधनाला मर्यादाही आहेत. मालिकेच्या दोन्ही टोकांशी त्याचे निष्कर्ष अविश्वसनीय ठरतात. सुमारे दीडशे वर्षांच्या नोंदीत तीस वर्षांचे आवर्तन पाचच वेळा बसते. २००५, २०१९ व २०२१ या तीन पुरांवरून तर कोणतीच लय सिद्ध होत नाही. शिवाय १९६० नंतरच्या दशकात कोयना धरण उभे राहिल्यावर कृष्णेच्या प्रवाहाची नोंद निव्वळ निसर्गाची राहिली नाही. बदल केव्हा झाला, हे तरंगिका सांगते. तो मेघांमुळे की धरणाच्या दारांमुळे, याचा निर्णय दप्तरे तपासूनच करावा लागतो. गणिताचे कार्य जेथे संपते, तेथे इतिहासाभ्यासकाचे सुरू होते.